लावलेले वन आणि न लावता येणारे पठार

सांगली जिल्ह्यातील सागरेश्वरच्या उजाड डोंगरांवर वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून झाडे उभी राहिली, हरणे आणून सोडली गेली आणि त्या मानवनिर्मित वनाला 1985 साली अभयारण्याचा दर्जा मिळाला, हा दाखला पुढे करून जो कोणी ‘येथे तोडू, तेथे लावू’ असे म्हणेल, त्याने साताऱ्याच्या पश्चिमेस सुमारे 25 किलोमीटरांवरील कासचे पठार अवश्य पाहावे. कारण तेथील जांभ्या कातळावरचा मातीचा पातळ थर एखाद्या इमल्याने, त्याच्या रस्त्याने आणि सांडपाण्याने एकदा विस्कटला, म्हणजे साडेआठशेच्या आसपास सपुष्प वनस्पतींचा तो संसार कोणत्याही रोपवाटिकेतून पुन्हा मांडता येणार नाही. 2012 साली जागतिक वारशात गणल्या गेलेल्या या पठाराच्या परिसरातच, सातारा, जावळी व पाटण तालुक्यांतील आरंभी 235 गावे घेऊन नवीन महाबळेश्वर वसविण्याची तजवीज राज्य रस्ते विकास महामंडळाकडे 2019 पासून सोपविलेली आहे. डोंगरी गावांना रोजगार हवा, ही मागणी रास्तच आहे. परंतु ती गावठाणातील घरगुती निवासांनी आणि स्थानिकांच्या हाती राहणाऱ्या पर्यटनाने भागावी, जमिनी विकून आपल्याच शिवारात चाकरी पत्करण्याने नव्हे. जुन्या महाबळेश्वर-पाचगणीस गर्दीने ग्रासल्यावर, 2001 साली, पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राचे संरक्षण द्यावे लागले. नव्या मुलुखात मात्र निर्बंधांचा हुकूम आधी निघावा, आणि बांधकामाच्या मंजुरीचा विचार त्यानंतर व्हावा.