मिरचीचे बी, धोतऱ्याचे बी

दिवाळीचा फराळ रांधायचे दिवस आले, की आमच्या पनवेलच्या घरात आम्हाला कुणी विचारीत नाही. यंदा मात्र ओट्याजवळ बोलावणे आले. नातवाने परसातल्या धोतऱ्याचे वाळके काटेरी बोंड फोडून त्याच्या बिया एका बशीत आणि लाल मिरचीच्या बिया दुसऱ्या बशीत ठेवल्या होत्या. "आजोबा, मिरची कुठली?" आम्ही चष्म्यावाचून बोट ठेवले ते नेमके धोतऱ्यावर! "तुम्हाला कोर्टात साक्षीला कुणी बोलावू नये," सौ. म्हणाल्या, आणि दोन्ही बशा उचलून मोरीपाशी नेऊन ठेवल्या.

गंमत अशी, की हा प्रश्न खरोखरच कोर्टात येतो. प्रवाशाला खाण्यापिण्यातून धोतरा देऊन लुबाडायचे, हा आपल्या देशातला जुना धंदा. मुंबई सरकारने १८७०च्या सुमारास रासायनिक विश्लेषकाचे खाते काढले. पुढे त्या जागेवर काम केलेल्या डॉ. लायन यांनी हिंदुस्थानासाठी न्यायवैद्यकाचे पुस्तक लिहिले. १९२० साली डॉ. जयसिंग मोदींचे पुस्तक आले, ते तर वकील आणि डॉक्टर दोघांच्याही कपाटात असते.

अशा पुस्तकांत या दोन बियांचा फरक सविस्तर दिलेला असतो. मिरचीचे बी पातळ, फिक्कट पिवळे, कडेला एकेरी धार असलेले. धोतऱ्याचे जाड, तपकिरीकडे झुकलेले, मूत्रपिंडाच्या आकाराचे, आणि त्याची कड दुहेरी. उभे चिरून भिंगाखाली धरले, तर मिरचीतला अंकुर आत वळलेला दिसतो, धोतऱ्यातला बाहेर. (चव घेऊन पाहण्याचा उत्साह कृपया कुणी दाखवू नये.) दोघे एकाच कुळातले, वांगे, बटाटा आणि टोमॅटोही त्यांचेच भाऊबंद. चेहरेपट्टी जुळते ती उगाच नाही.

पण बी कुटून पेढ्यात घातले असेल तर? मग भिंगाचे फारसे चालत नाही. ओकारीतून किंवा उरलेल्या अन्नातून विष वेगळे काढायचे, तीव्र नायट्रिक आम्लात आटवायचे, आणि वर अल्कोहोलमधल्या पोटॅशचा थेंब टाकायचा. धोतऱ्यातले अ‍ॅट्रोपीन असेल तर झकास जांभळा रंग उमटतो. ही व्हायटालीची परीक्षा. पूर्वी अर्काचा थेंब मांजराच्या डोळ्यात घालीत. बाहुली फाकली की संशय बळावे. बिचारे मांजर!

रंग हा नुसता इशारा, पुरावा नव्हे. म्हणून काचपट्टीवरच्या सिलिकाच्या थरात संशयित अर्क आणि खात्रीचे अ‍ॅट्रोपीन शेजारी शेजारी चढू देतात; दोन्ही ठिपके एकाच उंचीला थांबतात का, ते पाहतात. शेवटचा शब्द यंत्राचा. ते पदार्थाची वाफ करून घटक वेगळे करते, रेणूचे तुकडे पाडते आणि त्यांचे वजन मापते. राज्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळांचे मुख्य ठाणे मुंबईत कलिन्याला आहे. तिथे असली यंत्रे चालतात.

यंत्राला मात्र नमुना लागतो. आमच्या आळीतले एक नाना, सुपारीचेही व्यसन नसलेले गृहस्थ, काही वर्षांपूर्वी गाडीत कुणी आपुलकीने दिलेला चहा प्यायले. घरी पोचवले तेव्हा तोंड कोरडे, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, बोटांनी हवेतले धागे ओढताहेत, बरळताहेत. हातातली अंगठी गेलेली. डॉक्टर येईपर्यंत वहिनींनी लाजेपोटी ओकारी धुऊन टाकली, कपडे भिजत घातले. दोन दिवसांनी नाना शुद्धीवर आले, ठणठणीत झाले. पोलिसांनी विचारले, "तपासायला काही आहे का?" काहीच नव्हते.

आळीत अजूनही लोक म्हणतात, त्या दिवशी नाना जरा जास्तच घेऊन आले होते.