ठरावामागची मुखत्यारी

पर्वती संस्थानच्या कारभाराविषयी पुणेकरांत धुमसत असलेल्या असंतोषातून १८७० साली पुणे सार्वजनिक सभा उभी राहिली, हे अनेकांस विदित आहे. परंतु गणेश वासुदेव जोशी, म्हणजे लोकांचे सार्वजनिक काका, आणि त्यांचे सहकारी यांनी सभासदत्वाला जी अट घातली, तिच्याकडे आपल्या परदेशस्थ मंडळांचे लक्ष क्वचितच गेले असेल. किमान ५० माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणल्याखेरीज कोणास सभेचे सभासद होता येत नसे. ‘तुम्ही कोणाच्या वतीने बोलता?’ या सरकारी प्रश्नाला उत्तर तयार असावे, एवढाच या तजविजीचा हेतू सामान्यतः मानला जातो. मला मात्र तिच्यातील दुसरे मर्म अधिक मोलाचे वाटते. पन्नास सह्या मिळवायच्या म्हणजे पेठापेठांतून हिंडणे, शंकेखोरांची समजूत घालणे आणि प्रसंगी दाराशी तिष्ठणे आले. त्यामुळे सभेत जो मनुष्य तोंड उघडी, त्याने तत्पूर्वीच पुष्कळसे काम केलेले असे. पुढे १८७६-७७ च्या दुष्काळात सभेने जिल्ह्याजिल्ह्यांत माणसे धाडून रयतेच्या हालांची माहिती मिळविली आणि ती सरकारपुढे मांडली, यात म्हणूनच नवल वाटत नाही.

आपल्याकडे क्रम उलटा असतो. मराठी शाळेसाठी जागा पाहावी, वाचनालयाची पुस्तके कोणाच्या तरी तळघरातून बाहेर काढावीत, असे विषय वार्षिक सभेत निघाले की वक्त्यांचा तोटा नसतो. उपसमिती नेमली जाते, इतिवृत्तात नोंद होते, आणि पुढील वर्षी तोच विषय तितक्याच उत्साहाने पुन्हा निघतो. याचे खापर आळसावर फोडणे मला अन्यायाचे वाटते. नोकरी, हिमवर्षाव आणि मुलांचे वर्ग सांभाळून सभेला येणारा मनुष्य आळशी कसा म्हणावा? खरी गोष्ट अशी की, ज्याच्यावर काम सोपविले त्याला खर्चाची मंजुरी नसते, भाडेकरारावर सही करण्याचा अखत्यार नसतो, आणि त्याने काही ठरविलेच तर कार्यकारिणी त्याचा मुळापासून पुन्हा खल करते.

अखत्यार एका हाती गेल्यास मनमानी माजेल, अशी भीती घालणारे ज्येष्ठ सभासद प्रत्येक मंडळात असतात (मनमानी म्हणजे काय, हे त्यांपैकी काहींनी पदावर असताना स्वतःच दाखविलेले असते), आणि त्यांची भीती अगदीच निराधार नाही. परंतु मुखत्यारपत्र म्हणजे वतन नव्हे. त्यात काम व मर्यादा लिहिता येतात, आणि देणाऱ्यांना ते परत घेता येते. पन्नासांचा आग्रह आपल्या विखुरलेल्या वस्तीला पेलणार नाही. तेव्हा शाळेच्या जागेविषयी ज्याला बोलायचे असेल, त्याने मुले पाठविण्यास व वर्गणी देण्यास राजी असलेल्या दहा कुटुंबांच्या सह्या प्रथम आणाव्यात. ठराव संमत झाल्यास रक्कम व मुदत नमूद करून भाडेकराराची मुखत्यारी त्यालाच द्यावी. आणि मुदत संपेपर्यंत त्याच्याकडून केवळ हिशेब मागावा, विषय पुन्हा पटलावर घेऊ नये. दहाच्या जागी चारच सह्या आल्या, तर वस्तीला शाळा तूर्त नको आहे असे समजून त्या वर्षापुरती ती चर्चा बंद ठेवावी.