तुमचीही बोटं सकाळी दुखतात का?



गेल्या महिन्यात सांडगे-कुरडयांवर लिहिलं, त्यावर बऱ्याच जणींचे फोन आले. त्यातला एक वेगळा होता. बर्कतपुऱ्याच्या एक काकू म्हणाल्या, "अगं, तुझं प्रमाण सगळं बरोबर आहे, पण सोऱ्या दाबायला हातात ताकद कुठंय? माझी बोटं सकाळी वळतच नाहीत." मी विचारलं, "किती वेळ वळत नाहीत?" त्या थोडं थांबल्या. म्हणाल्या, "हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं बाई." पुढे पाऊण तास आम्ही बोललो, त्यात कुरडया कुठल्या कुठे राहिल्या. तेव्हा या वेळी सदरात खाणंपिणं नाही, दुखणं आहे.

मला अकरा वर्षांपासून ऱ्हुमॅटॉईड आर्थ्रायटिस आहे; आपल्याकडे आमवात म्हणतात तो. जोडीला थायरॉईड, आणि तीन वर्षांपासून साखर. संधिवात म्हटलं की लोकांना म्हातारपणाचे गुडघे आठवतात. हा तो नव्हे. यात शरीराची संरक्षणयंत्रणा आपल्याच सांध्यांवर उलटते. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये तो दुपटी-तिपटीने आढळतो आणि ऐन उमेदीच्या वर्षांतही गाठतो. सकाळी तासभर, कधी त्याहून जास्त, बोटं जणू दुसऱ्याची असतात. अकरा वाजता तीच बाई सुलतान बाजारात भाव करताना दिसते आणि बघणाऱ्याला वाटतं, हिला काय धाड भरलीय!

घरच्यांविषयी माझी तक्रार नाही. रोज "कसं वाटतंय?" विचारणारं माणूस घरात असणं हे भाग्यच. पण पाचव्या-सहाव्या वर्षी त्या प्रश्नाचं खरं उत्तर देणं जड जातं. खरं सांगितलं की समोरच्याचा चेहरा उतरतो, मग त्याची समजूत आपणच काढत बसायचं. त्यापेक्षा "बरंय" म्हणणं सोपं. ताप आला, ऑपरेशन झालं की नातेवाईक धावून येतात, डबे येतात, दवाखान्यात पाळ्या लागतात. न संपणाऱ्या दुखण्याला कुणी किती दिवस डबे आणायचे?

त्यात आपण पडलो हैदराबादचे. दवाखान्यात विचारणार, "नोप्पि उन्दा?" किंवा "दर्द कितना है, एक से दस में?" आता मराठी माणसाला दुखण्याचे शब्द काय थोडे आहेत? ठणका वेगळा, कळ वेगळी, चमक वेगळी. सलतं, शिणकतं, हुळहुळतं, चुरचुरतं, मुंग्या येतात, उसण भरते. हे सगळं एका आकड्यात कसं बसवायचं? आमच्या चौथ्या मजल्यावरच्या तेलुगू आंटींना साखरेमुळे तळपायांची आग होते. त्यांनी मला तीन शब्द शिकवले. मंट म्हणजे आग होणं. तिम्मिरि म्हणजे मुंग्या. आणि पोटु म्हणजे भोसकल्यासारखी कळ. हृदयविकाराच्या झटक्याला तेलुगूत गुंडेपोटु म्हणतात, तो हाच पोटु. बदल्यात मी त्यांना 'ठणका' दिला, तो त्यांना फार आवडला. पुढच्या वेळी डॉक्टरांना मी "मनगटात पोटु, बोटांत मंट" असं सांगितलं, तर त्यांनी लिहायचं थांबवून वर बघितलं. त्या दिवशी त्यांनी नीट वीस मिनिटं दिली. आंटी काही डॉक्टर नाहीत. पण ज्याला दुखतं, त्याच्याकडे दुखण्याची भाषा असते, हे मला तेव्हा पटलं.

आजारी माणसांनी आजारी माणसांना शोधणं या गावाला नवं नाही. मृग लागतो त्या दिवशी नामपल्लीच्या एक्झिबिशन ग्राउंडवर दमेकऱ्यांची केवढी रांग लागते, ते आपण वर्षानुवर्षं बघतोय. बत्तिनी कुटुंबाचं ते माशाचं औषध: इवल्याशा जिवंत मरळ माशाच्या तोंडात पिवळसर लगदा भरून तो मासा रोग्याच्या घशात सोडायचा. त्याने दमा बरा होतो याला शास्त्रीय पुरावा नाही, आणि पंप सोडून त्याच्या भरवशावर राहू नये, हे आधीच सांगून टाकते. पण माझे सासरे पूर्वी जुन्या शहरात दूधबावलीला त्या रांगेत उभे राहायचे, आणि घरी येऊन माशाबद्दल कमी, रांगेबद्दल जास्त बोलायचे. कुणी राजस्थानचा, कुणी ओडिशाचा. रात्री किती उशा घेऊन झोपता, पहाटे किती वाजता धाप लागते, फोडणीचा वास चालतो का, याच गप्पा. औषधाचा गुण आल्याचं मला तरी कधी दिसलं नाही. पण खाटेचं डोकं विटा लावून उंच करायची युक्ती ते तिथूनच शिकून आले होते, आणि ती शेवटपर्यंत उपयोगी पडली.

डॉक्टरांनी हे ओळखलं त्यालाही शंभर वर्षं उलटून गेली. अमेरिकेत बोस्टनला जोसेफ प्रॅट नावाच्या डॉक्टरांनी १९०५ मध्ये गरीब क्षयरोग्यांचा एक वर्ग सुरू केला. सॅनेटोरियम परवडत नाही अशी ही माणसं. घरीच मोकळ्या हवेत विश्रांती घ्यायची, वहीत रोजची नोंद ठेवायची आणि आठवड्यातून एकदा सगळ्यांनी जमायचं. वजनं व्हायची, वह्या तपासल्या जायच्या. क्षयावर औषध तेव्हा नव्हतंच. प्रॅटसाहेबांचा हेतू शिस्त लावण्याचा होता. पण ज्याचं वजन वाढलं त्याला बघून दुसऱ्याला हुरूप येतो, आणि वेगवेगळ्या जातीधर्माची माणसं एका आजारामुळे एकमेकांची होतात, हे त्यांच्या लक्षात आलं.

आपल्या हैदराबादचं मोठं उदाहरण म्हणजे राजेंद्रनगरजवळ शिवरामपल्लीला असलेली थॅलेसेमिया अँड सिकल सेल सोसायटी. १९९८ मध्ये काही पालकांनी आणि डॉक्टरांनी मिळून ती सुरू केली. थॅलेसेमिया मेजर असलेल्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावं लागतं, आणि तेही जन्मभर. वारंवार रक्त दिलं की अंगात लोह साठतं, ते हृदय आणि यकृत बिघडवतं, म्हणून ते बाहेर काढायचं औषध वेगळं. आता त्याच्या गोळ्या निघाल्या आहेत. पूर्वी मात्र रात्रभर पोटाच्या कातडीखाली सुई ठेवून, छोट्या पंपाने ते हळूहळू सोडावं लागे, तेही आठवड्यातल्या पाच-सहा रात्री. झोपलेल्या लेकराला रोज सुई टोचायची, हे आईने कुणाला विचारायचं? सासूला? तिने ते कधी केलेलंच नसतं. ते दुसरी आईच सांगू शकते, जिचं मूल शेजारच्या खाटेवर रक्त घेत पडलंय. हे पालक पुढे रक्तदान शिबिरं भरवायला लागले, लग्नाआधी आणि गरोदरपणात साधी रक्ततपासणी करून घ्या म्हणून सांगत फिरायला लागले. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता चारात एक असते, आणि वाहकाला स्वतःला बहुतेक वेळा काहीच जाणवत नाही.

देशभरातल्या अशाच रुग्णगटांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात जे २१ प्रकार आले, त्यांत थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकल सेल आणि पार्किन्सन्स आहेत. आमचा आमवात नावाने त्या यादीत नाही. आम्ही अजून सोऱ्यातच अडकलोय!

पार्किन्सन्सवरून पुणं आठवलं. तिथलं पार्किन्सन्स मित्रमंडळ गेली कित्येक वर्षं चालू आहे. रुग्ण आणि त्यांच्या घरच्यांनीच ते उभं केलं. त्यांची सभा असते, सहल असते, ११ एप्रिलच्या जागतिक पार्किन्सन्स दिनाला कार्यक्रम असतो. मला त्यांच्याकडचे दोन शब्द फार आवडतात. रुग्णाला ते म्हणतात शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर. मानसिक आजारांच्या क्षेत्रात काम करणाऱ्या मराठी मंडळींतही हे शब्द चालतात. 'पेशंट' म्हटलं की माणूस आडवा दिसतो, 'शुभार्थी' म्हटलं की निदान बसलेला तरी दिसतो.

माझ्या काकांना हा आजार होता. दाराच्या उंबऱ्याशी आले की त्यांचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे व्हायचे. मागून ढकललं की पडायचे, ओरडलं की जास्तच अडकायचे. काकूला एका शुभंकर बाईंनी सांगितलं, ओढू नका, त्यांच्या पुढ्यात आडवी काठी ठेवा आणि ती ओलांडायला सांगा, नाहीतर तालात एक-दोन-एक-दोन म्हणा. काका चालले! मेंदूची आपोआप चालण्याची वाट बिघडलेली असते, पण डोळ्यांना खूण किंवा कानांना ताल मिळाला की दुसऱ्या वाटेने काम होतं. फिजिओथेरपिस्टना हे माहीत असतंच. काकूपर्यंत मात्र ते पोचलं दुसऱ्या बायकोकडून.

आता आमच्याबद्दल. दोन वर्षांपूर्वी आम्ही तिघी जमायला लागलो, आता सात जणी आणि एक आजोबा आहोत. सगळे मराठी नाहीत. चौथ्या मजल्यावरच्या आंटी येतातच. आम्ही प्रार्थना म्हणत नाही, व्याख्यान ठेवत नाही. ओला कपडा नळाभोवती गुंडाळून पिळावा, ब्लाउजला हुक काढून टिचबटणं लावावीत, कुकर एका हाताने कधी उचलू नये, बरणीचं झाकण रबरी हातमोजा घालून फिरवावं, असलं चालतं. कधी कुणी नुसतं रडतं. आम्ही चूप बसतो. "सगळं ठीक होईल" हे वाक्य आमच्याकडे बंद आहे.

दुसरंही एक बंद आहे: गोळ्यांचा डोस. कुणी विचारायचा नाही, कुणी सांगायचा नाही. काढे, चूर्णं, "माझ्या भाच्याला गुण आला" हे तर अजिबात नाही. सांधेदुखीच्या काही पुड्यांत न सांगता स्टेरॉईड मिसळलेलं असतं. चार दिवस छान वाटतं आणि मग साखर, हाडं, सगळ्याचं दिवाळं निघतं. समदुःखी माणसावर आपण डॉक्टरपेक्षा जास्त विश्वास ठेवतो, हीच अशा गटातली जोखीम.

हा डोसचा नियम आम्ही एकदाच मोडला. एक नवीन वहिनी आल्या होत्या, आजार कळून महिना झालेला. बोलता बोलता म्हणाल्या, "परवापासून ती पिवळी गोळी रोज रात्री घेतेय, जीभ सोलवटल्यासारखी वाटते." आम्ही तिघी एकदम म्हणालो, "रोज?" मेथोट्रेक्सेट आमवातात आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, ठरलेल्या वारी. रोज घेतलं तर जिवावर बेततं. चिठ्ठीवरचं बारीक अक्षर त्यांना लागलं नव्हतं आणि दुकानातही कुणी सांगितलं नव्हतं. तिथल्या तिथे त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. गोळी थांबवली, रक्त तपासलं, दोन दिवस दवाखान्यात ठेवून घेतलं. निभावलं. आता आमच्याकडे प्रत्येकीच्या डबीवर वाराचं नाव मोठ्या अक्षरात आहे. माझा रविवार.

या गोळीची आणखी एक गोष्ट मी नव्या माणसाला आवर्जून सांगते. कॅन्सरची गोळी म्हणून लोक तिला घाबरतात. कॅन्सरला ती कितीतरी मोठ्या मात्रेत देतात, आम्हाला अगदी थोडी. आणि तिचं मूळ आपल्या शेजारच्याच एका माणसाच्या कामात आहे. येल्लाप्रगडा सुब्बाराव, १८९५ मध्ये भीमावरमला जन्मलेले. अमेरिकेत लेडर्ले कंपनीच्या प्रयोगशाळेत त्यांच्या गटाने फॉलिक ॲसिडवर आणि त्याच्या विरोधी औषधांवर काम केलं, त्यातूनच मेथोट्रेक्सेट आलं. १९४८ मध्ये ते गेले. आम्हाला मेथोट्रेक्सेटच्या जोडीला फॉलिक ॲसिडही घ्यावं लागतं, म्हणजे आठवड्यातून दोनदा सुब्बारावगारूंना नमस्कार!

एक अडचण मात्र सुटलेली नाही. आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या मावशींची बोटं पार वाकडी झाली आहेत. त्यांच्या तरुणपणी आजची औषधं नव्हती, उपचार उशिरा सुरू झाले. नवीन आलेली बाई आधी त्यांच्या हाताकडे बघते, मग स्वतःच्या. एक मुलगी तर पुन्हा आलीच नाही. मावशी म्हणाल्या, "मी पदराखाली हात घेऊन बसू का?" आम्ही नको म्हटलं. आता त्या स्वतःच सुरुवातीला सांगतात की हे तेव्हाचे हात आहेत, तुमचे असे होतीलच असं नाही. तरी त्या मुलीला फोन करावा की करू नये, यावर आमच्यात अजून दोन मतं आहेत. मला वाटतं करावा, पण यायचा आग्रह धरू नये.

कुणाला यावंसं वाटलं तर मंडळाकडे निरोप ठेवा. आजार आमवातच हवा असं नाही. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही काचीगुड्याला एकीच्या घरी जमतो, दुपारी चार वाजता, कारण सकाळी कुणाचीच बोटं कामाची नसतात. आधी पहिल्या मजल्यावर जमायचो, आता तळमजल्यावरच्या खोलीत. चहासाठी मोठ्या कानाचे कप आणले आहेत.