दोनशे रुपयांचा कर

पगाराच्या पावतीवर दरमहा 200 रुपये व्यवसाय कर म्हणून कापलेले दिसतात, फेब्रुवारीत 300. वर्षाचे झाले 2500. त्या ओळीवर बहुतेकांची नजर ठरत नाही. माझी ठरते, कारण इतक्या उमद्या हेतूने लावलेला दुसरा कर महाराष्ट्रात मला माहीत नाही.

1972 चा दुष्काळ अनुभवलेली पिढी अजून तेव्हा खाल्लेल्या मिलो आणि सुकडीच्या आठवणी सांगते. मे 1973 मध्ये राज्यभरच्या दुष्काळी कामांवर जवळपास 50 लाख माणसे राबत होती. एरवी उंबऱ्याबाहेर मजुरीला न गेलेल्या बायकासुद्धा खडी फोडायला बसल्या. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी 1965 मध्येच तासगाव तालुक्यातल्या विसापुरात कामाच्या हमीचा प्रयोग केला होता. दुष्काळाने त्याला राज्यभर वाट करून दिली. 1975 मध्ये पगारदार, वकील, डॉक्टर, व्यापारी यांच्यावर रोजगार हमीसाठी हा कर बसला आणि सरकारनेही आपली भर घालायचे ठरले. 1977 चा रोजगार हमी कायदा 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. मागेल त्याला काम, आणि पैसा मुख्यतः शहराचा. आभाळ फिरले तर त्याचा भार सावलीत बसून कमावणाऱ्यानेही उचलायचा, हे या राज्याने तेव्हा कायद्यात लिहून ठेवले. 2005 चा देशाचा रोजगार हमी कायदा आला तो यानंतर कितीतरी वर्षांनी.

आता आभाळ दर उन्हाळ्यात फिरते. शेतात काम नसते तेव्हाच, म्हणजे ऐन उन्हात, रोजगार हमीची कामे जोरात चालतात. मातीकामाची मजुरी मोजमापावर ठरते: किती लांब, किती रुंद, किती खोल. चंद्रपूरकडे पारा 44-45 अंशांवर गेला की माणसाचा हात आपोआप मंदावतो, न मंदावला तर जीव जातो. पण मोजपट्टी मंदावत नाही. खड्डा कमी भरला की मजुरीही कमी. वातानुकूलित कचेरीत त्याच दुपारी पगाराचा एक रुपयाही कापला जात नाही, आणि हवा तापवण्यात मोठा वाटा आहे तो या कचेरीसारख्या जगण्याचा, फावडे हाती असलेल्या बाईचा नव्हे. मला हा सरळसरळ अन्याय वाटतो. यावर उपाय नाही असेही नाही. आंध्र आणि तेलंगणात उन्हाळी भत्ता होता. एप्रिल-मेमध्ये 30 टक्क्यांपर्यंत, म्हणजे कडक उन्हात कमी खोदूनही मजुरी पदरात पडे.

पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न लगेच येतो. व्यवसाय कराची कमाल मर्यादा राज्यघटनेच्या 276 व्या कलमात आहे. ती 1988 मध्ये 250 वरून 2500 झाली आणि तिथेच थिजली. तेव्हाच्या 2500 रुपयांत काय काय येई, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. परिणाम असा की महिना 11 हजार मिळवणारा वॉचमन आणि 11 लाख मिळवणारा साहेब, दोघांचा व्यवसाय कर सारखाच. (महिलांना अलीकडे 25 हजारांपर्यंत सूट मिळाली, ते बरे झाले.) विषमता कमी करण्यासाठी आणलेला कर तळातल्याला जाणवतो आणि वरच्याला दिसतही नाही.

वॉचमनला यातून मोकळे करावे आणि महिना लाखाच्या वर मिळवणाऱ्यांकडून कमाईच्या प्रमाणात घ्यावे. त्यासाठी घटनादुरुस्ती लागेल. विधिमंडळाने एकमुखाने ठराव करून ती संसदेकडे मागायला काय हरकत आहे? मध्यमवर्गाची ओरड होईल, हे मला ठाऊक आहे, कारण मी त्यातलाच आहे. घटनादुरुस्तीला वेळ लागेल, पण मोजमापाचे दर ठरवणे राज्याच्या हातात आहे. त्यासाठी दिल्लीची वाट पाहायची गरज नाही. कामावर सावली, पिण्याचे पाणी आणि लेकरांसाठी पाळणाघर तर कायद्यातच आहे. येत्या फेब्रुवारीत, मस्टर निघण्याआधी, उन्हाळ्याचे वेगळे दर जाहीर व्हायला हवेत.