संगणककक्षाचें सोंवळें

मांजरीच्या परिसरांतील एका शाळेचा संगणककक्ष पाहण्याचा योग नुकताच आम्हांस आला. दाराबाहेर चपलांची रांग, दारावर कुलूप, किल्ली मुख्याध्यापकांच्या खणांत, आणि आंत प्रत्येक यंत्रावर धुवून घातलेलें आच्छादन. शिपाई किल्ली शोधीत होता व पंचेचाळीस मुलें ओसरीवर तिष्ठत उभीं होतीं. देवघराइतकें सोंवळें पाळलें जात होतें. उणीव होती ती पूजेचीच!

वाचकांनीं थोडें अंकगणित करावें. तासिका ३५ मिनिटांची. चपला, रांग, हजेरी आणि यंत्रें सुरू होणें यांत १२ मिनिटें गेलीं, उरलीं २३. यंत्रें दहा, म्हणजे एकेका यंत्रापाशीं साडेचार मुलें, आणि प्रत्येकाच्या वाट्यास सुमारें पांच मिनिटें. आठवड्यास एक तास आणि वर्षांत असे तीस तास धरले, तर अवघे अडीच तास. एवढ्या अवधींत मुलास सायकलवर तोल सांवरणेंही साधत नाहीं. शिवाय ही सरासरी झाली. वस्तुतः माउस ज्या धीट मुलाच्या हातीं पहिल्यानें पडतो त्याच्याच हातीं तो घंटा होईपर्यंत राहतो. त्या दिवशीं मागच्या बाकांवरील मुलींपैकीं बहुतेकींनीं कळफलकास बोटही लावलें नाहीं.

आणि शिकविलें काय? ‘पेंट’मध्यें दोन त्रिकोणी डोंगर, त्यांमधून उगवणारा सूर्य आणि एक झोपडी. हेंच चित्र मूल बालवर्गापासून कागदावर काढीत आलें आहे. चांचणी परीक्षेस मात्र संगणकाचा जनक कोण, अमक्या आद्याक्षरांचें पूर्ण रूप काय, माउसाचे भाग किती, असे लेखी प्रश्न. पोहणें शिकविण्यासाठीं विहिरीची खोली पाठ करून घ्यावी, तशांतलाच हा प्रकार.

याबद्दल विचारणा केली कीं उत्तर ठरलेलें: “यंत्रें कमी आहेत.” हें उत्तर आम्हांस मान्य नाहीं. १९८४ सालीं केंद्र सरकारनें ‘क्लास’ प्रकल्पाखालीं बी. बी. सी. मायक्रो हीं यंत्रें शाळांना दिलीं. २००४ सालीं ‘आय. सी. टी. अॅट स्कूल्स’ ही योजना आली. त्या यंत्रांवर काय शिकवावें याचा राष्ट्रीय अभ्यासक्रम मात्र २०१३ सालीं पुढें आला. म्हणजे आधीं वरात निघाली आणि नऊ वर्षांनीं नवऱ्या मुलाचा शोध लागला! ज्या खात्यानें खरेदीपूर्वीं अभ्यासक्रमाची चिंता वाहिली नाहीं, त्यानें उद्यां दहांचीं वीस यंत्रें दिलीं तरी पांच मिनिटांची दहा मिनिटें होतील आणि झोपडी जरा मोठी निघेल, एवढेंच.

याच मांजरींत १९९७ पासून राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. ऊंस व साखर यांवर काम करणारी वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटही येथलीच. तेथें दोन वेलींमधील अंतर, पाण्याची पाळी, छाटणीचा दिवस, हें सारें आधीं ठरवून मगच काम होतें. २०२१ सालीं मांजरी बुद्रुक पुणें महानगरपालिकेंत आलें, पण त्या शेतांतील शिस्त शाळेच्या ओसरीपर्यंत अद्याप आली नाहीं.

कांहीं विद्वान म्हणतील, मुलांस मोकळें सोडा, तीं आपोआप शिकतात. १९९९ सालीं दिल्लीच्या कालकाजी भागांत सुगत मित्र यांनीं भिंतींत संगणक बसवून हें दाखविलेंच ना? मुलें आपसांत पुष्कळ शिकतात, हें आम्हीही मानतों. परंतु तेथें जाऊन आलेल्यांनींच लिहिलें आहे कीं, त्या भिंतीपाशीं मुलग्यांची गर्दी असे आणि मुली क्वचित् दिसत. जेथें आखणी नाहीं तेथें दांडगाईची आखणी आपोआप होते.

वर्गांतील गोंगाटाचेंही मूळ हेंच. ज्या मुलाच्या हातास काम नाहीं तें शेजाऱ्यास चिमटा काढणारच. त्यावर छडी किंवा आरडाओरड हा इलाज नव्हे. त्या कक्षांत सारीं यंत्रें शिक्षकाकडे पाठ करून मांडलेलीं होतीं. पडद्यावर काय चाललें आहे हें त्या बिचाऱ्यास दिसतच नव्हतें. तींच भिंतीलगत मांडून शिक्षक मध्यें उभा राहिला, तर दहाही पडदे एका नजरेंत येतात. यास एक पैसाही लागत नाहीं.

पाठाचें टाचण म्हणजे प्रस्तावना, हेतुकथन वगैरे पायऱ्या मागील वर्षाच्या वहींतून उतरून काढणें नव्हे. पुणें बाजारसमितीचा उपबाजार मांजरीसच आहे. चार आठवडे मेथी, कोथिंबीर व टोमॅटो यांचे भाव मुलांनीं टिपून आणावे. अर्ध्या वर्गानें कागदावर रकाने आखावे, सरासरी काढावी. अर्ध्यानें जोडीजोडीनें तेंच यंत्रावर करावें. एकानें वाचावें, दुसऱ्यानें टंकावें, आणि सात मिनिटांनीं जागा बदलाव्या. पुढील आठवड्यास अर्धें इकडचे तिकडे. दोन मुलांनीं आधीं जाऊन यंत्रें सुरू केलीं आणि चपलांचें सोंवळें सोडलें, तर १२ मिनिटांचीं चार होतात व प्रत्येकाच्या वाट्यास पांचाऐवजीं सात येतात. लाभ फार मोठा नाहीं, हें आम्ही जाणतों. पण यंत्रापाशीं येणारें मूल काय करावयाचें तें ठरवून येतें, आणि बाहेर बसलेलें रिकामें राहत नाहीं. सेमूर पेपर्ट यांची ‘लोगो’मधील कासवाची युक्ति तर याहूनही स्वस्त: कासवास जी आज्ञा द्यावयाची, ती मुलानें आधीं अंगणांत स्वतः चालून पाहावयाची. अंगण तर प्रत्येक शाळेस आहे, आणि त्यास कुलूप नाहीं.

शिक्षकांवर सारा दोष टाकणें अन्यायाचें होईल. बहुधा गणिताच्या शिक्षकाकडेच हा कक्ष जादा म्हणून सोंपविलेला असतो. त्यांतच निवडणुकीचीं आणि गणनेचीं कामें. टाचण करावयास त्यास वेळ कोण देतो? संस्थाचालक देत नाहींत, आणि पालकही मागत नाहींत. आम्ही सुशिक्षित म्हणविणारे पालक प्रवेशाच्या वेळीं यंत्रें किती, हें आवर्जून विचारतों. पडदे केवढे, हेंही पाहून येतों. पुढील पालकसभेंत कोणी एकानें तरी उठून म्हणावें: गेल्या मंगळवारच्या संगणकाच्या तासाचें टाचण जरा दाखवितां काय?