नव्या हौदावरील डाग

कोणत्याहि नव्या वस्तूवर पहिला डाग दिसला कीं घरांतील माणसें वस्तूकडे पाहण्याआधीं ती करणाऱ्याकडे पाहतात. आमच्या मांडवीच्या घरीं हेंच घडलें. त्या प्रसंगांतून जें कळलें, तें वाचकांच्या उपयोगीं पडण्याजोगें वाटल्यावरून या खेपेस लिहीत आहें.

समुद्र आमच्या अंगणापासून हाकेच्या अंतरावर. परंतु सुटींत पुण्या-मुंबईहून येणाऱ्या नातवंडांनीं पोहणें शिकावें तें समुद्रांत नव्हे, असा मातोश्रींचा दंडक. म्हणून परसांत, विहिरीच्या बाजूस, पोहण्याचा हौद बांधविला. आंतून पांढरें सिमेंट व संगमरवराची भुकटी यांचा गिलावा. पाणी भरलें आणि चौथ्या दिवशीं पाहावें तों तळाचा रंग ठायीं ठायीं निराळा! कोठें करडे ढग, कोठें पांढुरकी साय, नळीखालीं एक लांब पट्टा आणि चारी भिंतींवर कमरेइतक्या उंचीवर एक रेघ. थोरल्या बंधूंनीं गवंड्याचा शेवटचा हप्ता रोखून धरला. तेजाबानें हौद धुवावा, असें पुतण्यानें सुचविलें. गवंडी वृद्ध, "महिनाभर पाणी सांभाळा, मग बोला," एवढेंच म्हणून तो गेला. त्याच्या नातीचें लग्न पंधरा दिवसांवर आलें होतें, हें आम्हां सर्वांस ठाऊक होतें.

त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. दुसऱ्या दिवसापासून मीं हा विषय समजून घेण्यास आरंभ केला.

लीड्स येथील जोसेफ अ‍ॅस्पडिन या गवंड्यानें १८२४ सालीं ज्या पोर्टलंड सिमेंटचें पेटंट घेतलें, त्याच जातीचें सिमेंट आज आपण वापरतों. तें वाळून घट्ट होत नाहीं, पाण्याशीं संयोग पावून घट्ट होतें. या क्रियेंत मोकळा चुना उत्पन्न होतो. गिलावा ताजा असतां हा चुना पाण्यांत उतरतो, आणि पाण्यांत विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडशीं मिळून साईसारखा पृष्ठभागावर बसतो. जेथें थापी अधिक दाबून फिरली तेथें गिलावा घन व गडद होतो. जेथें घोटतांना वरून पाणी शिंपडलें तेथें तो फिका व सच्छिद्र राहतो. लवकर आळावें म्हणून सिमेंटांत कॅल्शियम क्लोराइड घातलें असेल, तरीहि करडे ढग उमटतात. शिवाय सगळा गिलावा एकाच वेळीं मुरत नाहीं. तेव्हां २८ दिवसांच्या आंत त्याच्या रंगाचा निवाडा करणें म्हणजे लोणचें घातल्या दिवशींच चाखून त्यास नांवें ठेवण्यासारखें आहे.

दुसरी गोष्ट पाण्याची. जांभ्यांतून झिरपलेलें आमचें पाणी हलकें; त्यांत चुना थोडा. असें भुकेलें पाणी गिलाव्यांतूनच चुना ओढून घेतें. उलट जड पाणी आपल्याजवळचा चुना भिंतींवर सोडतें. पाणी भुकेलें कीं तृप्त, हें ठरविण्याचें गणित कॅलिफोर्निया विद्यापीठांतील लँगेलियर यांनीं १९३६ सालीं मांडलें. तें होतें पाण्याच्या नळांसाठीं; पुढें पोहण्याच्या हौदांनाहि तेंच लावूं लागले.

मग मीं आमचाच हिशेब तपासला. पाणी भरतांना वीज गेली, विहिरीवरचा पंप बंद पडला आणि पाणी कमरेइतक्या उंचीवर रात्रभर थांबलें; ही ती रेघ. नळीच्या तोंडास फडकें बांधून ती तळाशीं ठेवावयाची, ती आम्हीं काठावरून सोडून दिली; हा तो पट्टा. ब्रश कोणीं फिरविलाच नाहीं. ही ती साय. गवंड्याच्या नांवावर उरले ते एक-दोन करडे ढग.

ज्यांच्या घरीं असा हौद व्हावयाचा असेल त्यांनीं पाणी न थांबतां काठापर्यंत भरावें. पहिले चौदा दिवस गाळणी चालू ठेवून, सकाळ-संध्याकाळ नायलॉनच्या ब्रशानें भिंती व तळ घासावा, म्हणजे सुटलेला चुना बसण्यापूर्वींच निघून जातो. पाण्याचा पीएच रोज तपासून ७.२ ते ७.६ च्या दरम्यान राखावा. चुन्यामुळें तो चढतो. तेव्हां तेजाब थोडथोडें, आधीं बादलीभर पाण्यांत सोडून, मग हौदांत घालावें. कॅल्शियमचा कठिणपणा लिटरला २०० ते ४०० मिलिग्रॅम असावा. क्लोरीन पहिले दोन-तीन दिवस नको, मीठ महिनाभर नको.

महिन्यानंतरहि डाग राहिला तर त्याची जात ओळखावी. जीवनसत्त्व 'क'ची गोळी डागावर घासावी. तो फिका पडला तर लोहाचा. जांभ्याच्या मुलखांत हा संशय प्रथम घ्यावा. क्लोरीननें गेला तर तो आंब्याच्या पाल्यापाचोळ्याचा. दोहोंसहि न जुमानणारा खरखरीत थर बहुधा चुन्याचा. तो पाण्याखालींच बारीक पॉलिश-कागदानें हलक्या हातानें घासावा. तेजाबाची धुलाई अगदीं शेवटचा उपाय. तिनें डागाबरोबर गिलाव्याचा वरचा थरहि जातो, आणि त्या खडबडीत जागीं शेवाळ घर करतें.

हा सारा हिशेब एका रात्रीं जेवणानंतर मीं बंधूंपुढें ठेवला. ते कांहीं बोलले नाहींत. सकाळीं स्वतः गवंड्याच्या घरीं जाऊन हप्ता देऊन आले. त्या दिवसापासून ब्रशाची पाळी प्रत्येकावर आली. मातोश्रींनीं पाळ्यांची यादीच माजघराच्या भिंतीवर लावली. महिन्यानें साय गेली, ढग विरले, पट्टा पुसट झाला. कमरेइतक्या उंचीवरची रेघ मात्र अद्याप आहे. पुतण्या ती घासावयास निघाला, तेव्हां मातोश्री म्हणाल्या, "राहूं दे. पुढें कोणाचा पैसा अडवावयाचा झाला, तर आधीं ती पाहून यावी."