जीपची तहान आणि रात्रीचा प्लग

नवी गाडी दारात येऊन उभी राहिली की शेजारीपाजारी, पाहुणेरावळे पहिला प्रश्न एकच विचारतात, ‘किती देते?’ उत्तरही एका आकड्यात मिळावे, अशी अपेक्षा असते. पण काही गाड्यांचे असे आहे की हा प्रश्न विचारला तर उलट मालकालाच विचारावे लागते, ‘बाबा रे, तू रात्री प्लग लावतोस का?’

अमेरिकेत २०२१ च्या सुमारास बाजारात आलेली जीप रँग्लर फोर-बाय-ई ही अशीच एक गाडी. रँग्लर म्हटले की मराठी माणसाला आधी रँग्लर परांजपे आठवणार. हा रँग्लर मात्र केंब्रिजचा गणिती नव्हे, तर घोडे हाकणारा अमेरिकन गडी. तरीही या गाडीचा हिशेब मांडायचा तर थोडे परांजप्यांच्या वाटेने जावेच लागते.

दुसऱ्या महायुद्धात नावारूपाला आलेल्या जीपचीच ही वंशज. तोच चौकोनी चेहरा, उभी काच, उंच चाके आणि दगडगोट्यांतून, ओढ्यानाल्यांतून जाण्याची तीच खोड. अडीच फूट पाण्यातूनही ती पार होते. फरक पोटात आहे. दोन लिटरच्या पेट्रोल इंजिनाबरोबर विजेच्या मोटारी आहेत आणि मागच्या सीटखाली १७.३ युनिट क्षमतेची बॅटरी आहे. घरच्या प्लगवर ती चार्ज करायची, वीज आहे तोवर विजेवर पळायचे आणि संपली की पेट्रोलवर. ६५ लिटरची टाकी असल्याने वाटेत अडकण्याची भीती नाही.

अमेरिकेत नव्या गाडीच्या काचेवर इंधनखर्चाचा सरकारी कागद चिकटवलेला असतो. या जीपच्या कागदावर एक नव्हे, दोन आकडे होते. विजेवर चालताना ४९ आणि नुसत्या पेट्रोलवर २०. दोन्ही मैलांत आणि दोन्ही एका अमेरिकन गॅलनला. हा गॅलन पावणेचार लिटरहून किंचित मोठा. विजेचा गॅलन कसा मोजायचा, तर एका गॅलन पेट्रोलमध्ये जेवढी ऊर्जा असते तेवढी म्हणजे ३३.७ युनिट वीज, असा तिथला नियम आहे. आपल्या भाषेत सांगायचे तर एका लिटरच्या बरोबरीला सुमारे ८.९ युनिट.

आता उत्तर काढू. पेट्रोलवर ही गाडी लिटरला साडेआठ किलोमीटर देते. विजेवर लिटरच्या बरोबरीत जवळजवळ एकवीस. ऐकायला झकास वाटते. पण कागदावर तिसराही एक आकडा होता, आणि खरी मेख तिथेच आहे. पूर्ण चार्ज केल्यावर ही गाडी निव्वळ विजेवर २१ मैल, म्हणजे चौतीसएक किलोमीटर जाते. त्यापुढचा सारा प्रवास साडेआठच्या भावाने.

आणि हा साडेआठचा भावही साध्या जीपपेक्षा महाग पडतो. त्याच दोन लिटर इंजिनाची, बॅटरी नसलेली चार दारांची रँग्लर गॅलनमागे एखाददुसरा मैल अधिकच देते. याचे कारण वजन. बॅटरी आणि तिच्या लवाजम्यामुळे गाडी तीन-साडेतीनशे किलोंनी जड होते आणि एकूण वजन सव्वादोन टनांच्या वर जाते. त्यात ही चौकोनी पेटी महामार्गावर वाऱ्याला छाती भिडवून धावणार. बॅटरी रिकामी असताना ती नुसती वाहून न्यायची म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

दोन कुटुंबे कल्पून पाहा. पहिल्या घरातल्या बाईंचे ऑफिस दहा मैलांवर आहे. त्या रोज संध्याकाळी गाडी दारात लावतात आणि आठवणीने प्लग जोडतात. वर्षाला तीनशे दिवस, रोज वीस मैल, म्हणजे सहा हजार मैल. पेट्रोलचा थेंबही न जाळता हे होऊ शकते. साध्या जीपला तेवढ्यासाठी सुमारे २७३ गॅलन, म्हणजे हजार लिटरहून अधिक पेट्रोल लागले असते. बाईंना त्याऐवजी लागतील ४,१०० च्या आसपास युनिट. वीज सोळा सेंट युनिट आणि पेट्रोल साडेतीन डॉलर गॅलन धरले तर साध्या जीपचे पेट्रोल ९५५ डॉलरचे आणि बाईंचे वीजबिल ६६० डॉलरचे. तीनशे डॉलर वाचले.

पण हेच घर कॅलिफोर्नियात हलवा. तिथे वीज महाग. युनिटला तीस सेंट आणि पेट्रोल पावणेपाच डॉलर धरले तर एकीकडे १,२४० आणि दुसरीकडे १,३०० डॉलर. म्हणजे वर्षभर प्लग लावण्याची शिस्त पाळून हाती पडणार साठेक डॉलर! पेट्रोल जळले नाही, गल्लीत धूर झाला नाही, हा लाभ आहेच. पण ‘विजेवरची गाडी म्हणजे फुकटचा प्रवास’ असे समजून कर्ज काढणाऱ्याने आधी विजेचे बिल पाहिलेले बरे.

दुसरे कुटुंब हौशी. युटा राज्यातले मोआब हे गाव लाल खडकांतल्या अवघड वाटांसाठी जीपवाल्यांची पंढरीच आहे. सॉल्ट लेक सिटीहून ते जवळपास २३५ मैलांवर. पहिले २१ मैल विजेवर गेले तरी उरलेल्या २१४ मैलांना वीसच्या भावाने पावणेअकरा गॅलन पेट्रोल लागते. साधी जीप २२ च्या भावाने तेवढ्याच, म्हणजे पावणेअकराच्या आत-बाहेर गॅलनमध्ये तिथे पोचते. बॅटरीचा सारा खटाटोप वाटेतच फिटला.

अर्थात, खडकांवर पोचल्यावर मात्र या गाडीचे गुण दिसतात. विजेची मोटार पहिल्याच फेऱ्यापासून पूर्ण जोर लावते. दगडावर चाक इंचाइंचाने चढवायचे असते तेव्हा पेट्रोल इंजिन घुरघुरत नुसतेच इंधन पिते, मोटार मुकाट्याने काम करते. उतारावर ब्रेकची शक्ती पुन्हा बॅटरीत जमा होते. तिथे अंतर थोडे आणि वेग बैलगाडीचा, त्यामुळे बॅटरी पुरते. म्हणूनच अनेक जण विशेष बटण दाबून वाटेत वीज राखून ठेवतात आणि खडकांवर वापरतात. चालत्या इंजिनावर बॅटरी भरण्याचीही सोय आहे, पण ती वीज पेट्रोल जाळूनच येते, हे विसरून चालत नाही.

एक गंमत त्या शिस्तीच्या बाईंची. महिनोन्‌महिने इंजिन चाललेच नाही तर टाकीतले पेट्रोल शिळे होते. त्यावर तोडगा म्हणून ही गाडी मधूनच आपणहून इंजिन सुरू करते आणि काही काळ बंद करू देत नाही. काटकसर करणाऱ्यालाच हा भुर्दंड! शहाण्याने अशा वेळी टाकी काठोकाठ भरून ठेवू नये.

माणसे प्लग लावत नाहीत, ही तक्रार एकट्या जीपपुरती नाही. युरोपात गाड्यांतच बसवलेल्या यंत्रांनी खऱ्या इंधनखर्चाची नोंद ठेवली. युरोपियन कमिशनने मार्च २०२४ मध्ये त्याचा अहवाल दिला. त्यानुसार प्लग-इन हायब्रिड गाड्यांचा प्रत्यक्ष धूर, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या सरासरी साडेतीनपट निघाला. गृहीत धरले होते तितक्या वेळा लोकांनी गाड्या चार्ज केल्याच नव्हत्या. पेट्रोलचे पैसे कंपनी देते आणि विजेचे बिल घरी येते, तिथे प्लग कोण शोधणार?

आपल्याकडे पुण्याजवळच्या रांजणगावात २०२१ पासून रँग्लरची जुळणी सुरू झाली, पण ती निव्वळ पेट्रोलवरची. त्यामुळे इथल्या मालकाला प्लगचा घोर नाही, ‘किती देते’चा तेवढा आहे.

अमेरिकेतल्या मालकांना मात्र २०२४ च्या अखेरीस निराळाच अनुभव आला. बॅटरीला आग लागण्याचा धोका असल्याने कंपनीने जगभरातल्या सुमारे १ लाख ९४ हजार प्लग-इन जीप दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. दुरुस्ती होईपर्यंत गाडी घरापासून, इतर गाड्यांपासून दूर उभी करा आणि चार्ज करू नका, असे मालकांना कळवण्यात आले. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुन्हा अमेरिकेतल्याच ३ लाख २० हजार गाड्यांसाठी असाच इशारा निघाला. रोज न चुकता प्लग लावणाऱ्या आणि कधीच न लावणाऱ्या, अशा दोघांच्याही जीप मग तेवढे दिवस एकाच भावाने धावल्या, लिटरला साडेआठ किलोमीटर.